खदानीखालची विहीर

अहिरे सरांना पाण्याची चव कळायची. निदान त्यांचा तसा दावा होता, आणि सरांचा दावा खोडून काढायची हिंमत आमच्या स्टाफरूममध्ये कोणाला नव्हती. डोळे मिटून घोट घ्यायचे, जिभेवर घोळवायचे आणि निकाल द्यायचे, "हे बदलापूरचं, नदीचं. हे कंपनीच्या क्वार्टर्समधल्या टाकीचं, आणि टाकी धुतलेली नाही." विज्ञानाच्या पुस्तकात पाणी बेचव असतं असं छापलं होतं. तो धडा आला की सर पोरांना सांगायचे, "पुस्तक लिहिणारा माणूस आमच्या वस्तीत आलेला नाही, त्याला माफ करा."

अंबरनाथच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले तेव्हा ऐंशी साल उजाडून थोडेच दिवस झाले होते. पहिल्याच दिवशी घामाघूम होऊन खुर्चीत टेकले, तर गळ्यात स्काउटची शिट्टी अडकवलेला एक उंच, काटकुळा माणूस फिरकीचा तांब्या घेऊन समोर उभा राहिला. "बाई, दमलात. पाणी प्या. नळाचं नाही, आमच्या विहिरीचं आहे." मी प्यायले. ते काही मी फार पुरोगामी होते म्हणून नव्हे. घसा कोरडा पडला होता आणि पाणी खरंच गोड होतं. पुढे लक्षात आलं की सरांनी तांब्या पुढे केला की स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांनी नेमका आत्ताच चहा घेतलेला असायचा. सर तांब्याची फिरकी घट्ट लावून ठेवून द्यायचे. पण मला त्यांनी त्या दिवसापासून आपल्या माणसांत धरलं, आणि मग माझी काही सुटका नव्हती.

सुटका नव्हती म्हणजे काय, तर सरांचा आवाज चार वर्गांपलीकडे जायचा आणि त्यांचा एक शब्द दिवसभर कानावर आदळायचा: "दाखवा!" पोरगं म्हणालं अभ्यास केलाय, की "दाखवा!" हेडमास्तर म्हणाले ग्रँट येणार आहे, की "दाखवा!" मी एकदा म्हटलं, डोकं दुखतंय सर, तर म्हणाले, "दाखवा," आणि स्वतःच खो खो हसले. त्यांच्या पत्नी सुमनताई फार गमतीच्या. म्हणायच्या, "लग्न जमवताना माझ्या भावानं सांगितलं, पोरगी सातवी पास आहे. तेवढं एकदाच यांनी 'दाखवा' म्हटलं नाही, म्हणून संसार झाला." त्यावर सर लाजायचे. एवढा मोठा आवाज असलेला माणूस इतका लाजू शकतो हे पाहून मला मजा वाटायची.

त्यांची वस्ती अंबरनाथ आणि उल्हासनगरचा चार नंबर कॅम्प यांच्या मधल्या उतारावर होती. वर दगडाची जुनी खदान, खाली घरं, आणि घरांच्या मधोमध विहीर. सरांचे वडील त्या खदानीत दगड फोडायचे. दिवसभर दुसऱ्याचा दगड फोडून झाला की ती माणसं संध्याकाळी आपली विहीर खणायची, कारण त्याआधी जवळच्या गावच्या विहिरीवर त्यांना भांडी मांडून बाजूला उभं राहावं लागायचं. कोणाला दया आली तर तो वरून ओतणार. हे सरांनी मला एकदाच सांगितलं, पेपर तपासता तपासता, आवाज न चढवता. "वरून ओतलेल्या पाण्यानं हात भिजतात बाई, तहान जात नाही." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

दरवर्षी चौदा एप्रिलला, जयंतीच्या सकाळी, त्या विहिरीचा कठडा धुऊन त्याला चुना लावायचे. मग वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई पहिली कळशी शेंदायची आणि आल्यागेल्याच्या ओंजळीत पाणी घालायची. मी जायचे तेव्हा हा मान भागाआजीचा होता. तोंडात एक दात नाही, पण हात असा खंबीर की एक थेंब बाहेर सांडायचा नाही. सर एरवी देवधर्माच्या नावानं नाक मुरडायचे, पण त्या ओंजळीपुढे त्यांचे डोळे भरून यायचे.

खदान कधीच बंद पडली होती. पावसाळ्यात ती काठोकाठ भरायची आणि पुढे मार्चपर्यंत पाणी टिकायचं. पोरं पोहायला जायची. सर शिट्टी वाजवत त्यांना हाकलायचे, ती पुन्हा जायची. एका सप्टेंबरात आमचा सातवीतला विलास गेला आणि वर आलाच नाही. फायरब्रिगेडची वाट न पाहता सरांनीच उडी मारली, दोनदा खाली गेले, तिसऱ्यांदा पोराला घेऊन वर आले. उपयोग नव्हता. त्या वर्षी सातवीला 'तरंगणे आणि बुडणे' हा धडा सरांनी शिकवला नाही. हेडमास्तरांनीही विचारलं नाही.

तिथून सरांनी एकच ध्यास घेतला. खदान बुजवायची.

आमच्या भागात खड्डा बुजवायची एक रीत आहे. मुरूम-माती आणायला पैसा लागतो, तो कोणाकडे नसतो. कचऱ्याच्या गाड्यांना मात्र जागा हवी असते. मग लोक हातापाया पडून त्या गाड्या आपल्याकडे वळवून घेतात. त्याला भरणी म्हणतात. अर्ध्या चाळी अशा भरणीवर उभ्या आहेत आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. सरांनी तेच केलं, आणि सरांनी केलं म्हणजे कसं, तर नगरपालिकेच्या ऑफिसात जाऊन ठिय्या मारला, विलासच्या आईला पुढे बसवलं, साहेबाला म्हणाले, "पोरं वाचवतो म्हणता ना? दाखवा!" गाड्या सुरू झाल्या. शाळा सुटली की सर खदानीच्या तोंडाशी उभे राहून शिट्टी वाजवत गाड्या मागे घ्यायचे. पाठीमागे भलं मोठं दुर्गंधीचं साम्राज्य आणि पुढे हा माणूस लग्नाच्या वरातीला वाट करून दिल्यासारखा खुश.

आधी घरचा कचरा यायचा. मग कॅम्पातल्या कारखान्यांचे टेम्पो यायला लागले. कपडे रंगवणाऱ्यांचा निळा गाळ, भांड्यांना मुलामा देणाऱ्यांचा हिरवट-पिवळा चिखल, चेपलेले पिंप. एकदा मी सरांबरोबर उभी होते तेव्हा त्यांनी एका टेम्पोवाल्याला अडवलं.

"ये क्या है?"

"भरनी है साब. सेठ ने बोला मास्टरजी को भरनी मंगता है."

"वास कसला येतोय?"

"कचरा है, खुशबू थोडी आएगी? सूख जाएगा तो मिट्टी है."

सर घुटमळले. मग खड्ड्याकडे बघितलं. अजून बराच बाकी होता, आणि पावसाळा तोंडावर आला होता. त्यांनी शिट्टी वाजवली. मला म्हणाले, "काही होत नाही बाई. माती सगळं गाळून घेते." हा त्यांचा लाडका धडा होता. एकावर एक तीन मडकी ठेवायची, वरच्यात गढूळ पाणी, मधल्यात वाळू आणि कोळसा, खालच्यात स्वच्छ पाणी. तो प्रयोग ते इतका रंगवून करायचे की शेवटी पोरं टाळ्या वाजवायची.

भरणी पुरी झाली. वर लाल मुरूम पसरला, मैदान झालं, पोरं क्रिकेट खेळायला लागली. त्या वर्षी जयंतीची सभा मैदानावर झाली आणि विलासच्या आईने सरांना हार घातला. मी सरांना इतकं आनंदात त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच.

दोन-तीन पावसाळे गेले. एक दिवस सुमनताई मला सहज म्हणाल्या, "भात पिवळा पडतोय हो बाई. तांदूळ बदलला तरी तेच." मग कोणाची डाळ शिजेना, कोणाच्या चहावर तवंग. पावसात मैदानाच्या खालच्या अंगाने काळं पाणी पाझरायचं आणि त्याला अंडं कुजल्यासारखा वास यायचा. सरांनी विहिरीचं पाणी जिभेवर घोळवलं आणि पहिल्यांदाच निकाल दिला नाही. मग म्हणाले, "गाढवासारखा विचार करत बसण्यात अर्थ नाही. पाणी उकळायचं."

आणि उकळणं म्हणजे सरांनी मोहीमच काढली. घरोघर जायचे, चुलीपाशी बसायचे. "नुसतं कोमट नाही चालायचं. खळखळून! बुडबुडे दाखवा!" शाळेत प्रत्येक वर्गाकडून वदवून घेतलं. रॉकेलच्या रांगेत उभं राहणाऱ्या बायका कुरकुरल्या, पण सरांनी सांगितलं म्हणून वस्ती पाणी उकळायला लागली. बाळंतिणीला, तान्ह्या पोराला तर खास जास्त वेळ उकळलेलं. सुमनताईंच्या पायांना तेव्हा सूज यायला लागली होती. त्यांच्यासाठी सर स्वतः पातेल्यासमोर बसून राहायचे.

आमचे हे अंबरनाथच्या एका कंपनीत केमिस्ट होते. सर एका रविवारी आमच्या बदलापूरच्या घरी दोन बाटल्या घेऊन आले. "एक कच्चं, एक उकळलेलं. साहेब, जरा तुमच्या लॅबमध्ये बघा आणि फरक सांगा." परीक्षेचा पेपर सोपा गेलेल्या मुलासारखा चेहरा होता. पुढच्या रविवारी निकाल ऐकायला आले तेव्हा मी पोहे केले होते.

आमच्या ह्यांना गोड करून बोलता येत नाही. म्हणाले, "सर, उकळलेल्यात जास्त आहे."

"काय जास्त?"

"सगळंच. जंतू मेले असतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण क्रोमियम, शिसं ही काय मरणारी जनावरं आहेत? पाणी वाफ होऊन जातं, ते खाली राहतं. दूध आटवल्यासारखं तुम्ही ते आटवताय."

सर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "पण माती गाळते ना साहेब. मी पोरांना—"

"माती गाळते, तीही थोडंफार. खदानीच्या तळाला माती कुठे आहे? कातळ आहे. कातळ काय गाळणार? त्याला भेगा असतात, आणि तिथं वर्षानुवर्षं सुरुंग लावून त्या भेगा आणखी उघडल्यात. पाऊस वरून पडतो, कचऱ्यात मुरतो, जे जे भेटेल त्याचा काढा करत खाली उतरतो आणि भेगांमधून उताराला लागतो. उतारावर काय आहे? तुमची विहीर."

"मग यंदाचा पावसाळा संपला की..."

"नाही सर. आतला कचरा ओलाच राहतो. वर मुरूम टाकलाय म्हणून पाणी थांबत नाही. हे गळत राहणार. तुम्ही-आम्ही असू तोवर तरी."

पोहे तसेच राहिले. सरांनी बशी बाजूला सारली. मग अगदी हळू, तो चार वर्गांपलीकडे जाणारा आवाज कुठे गेला कोण जाणे, म्हणाले, "सुमनला मी रोज समोर बसून देतो, साहेब. ग्लास संपेपर्यंत उठत नाही." आमचे हे खिडकीकडे बघायला लागले. मला त्या क्षणी नवऱ्याचा राग आला, टेम्पोवाल्याचा आला, त्याच्या सेठचा आला आणि देवाचाही आला. राग येऊन काही होत नाही हे तेव्हाच कळत होतं.

त्यानंतर सरांचं एकच काम उरलं. जी विहीर बापाने खणली, ती बंद करायची. विहारात बैठक बोलावली. मीही गेले होते, मागे बायकांत बसले. सरांनी चूक झाकली नाही. म्हणाले, "खदान मी भरून घेतली. उकळायला मीच सांगितलं. दोन्ही चुकलं. ही विहीर आता पिण्याची नाही, तिच्यावर जाळी टाकून कुलूप लावूया."

मग मागून त्यांचाच एक जुना विद्यार्थी उठला. "सर, रागावू नका. पाणी तर निर्मळ दिसतंय. विष कुठंय? दाखवा."

कोणीतरी हसलं. तो पोरगा चेष्टा करत नव्हता, सरांनी शिकवलं तसंच विचारत होता. पाण्यात विरघळलेलं कोण काय दाखवणार? तेवढ्यात भागाआजी काठीवर उभी राहिली. "आरं, तुज्या बापाच्या हाताची सालं निगाली हितं. माजा धनी ही हीर खंदताना दरड पडून लंगडा झाला. आन् तू म्हंतोस कुलूप लाव? मंग आमी पानी आनायचं कुटून? पुन्ना भांडी मांडून हुभं ऱ्हायाचं व्हय रं?"

सरांनी आजीला हाताला धरून पुन्हा खाली बसवलं.

जाळी बसवली गेली. आठवडाभरात कोणीतरी कापली. सरांनी ऑफिसात खेटे घातले की कचरा उपसून न्या. तिथला साहेब वाईट नव्हता. म्हणाला, "मास्तर, भरा म्हणून भांडलात तेही तुम्हीच. बरं, उपसू. पण नेऊन टाकू कुठे? दुसऱ्या कोणाच्या विहिरीच्या वर?" सर परत आले आणि स्टाफरूममध्ये खुर्चीत बसून राहिले. घंटा झाली तरी उठले नाहीत. नंतर वस्तीच्या टोकाला एक नळ आला. त्याला पाणी यायचं ते लाइनीच्या सगळ्यात शेवटी, करंगळीएवढ्या धारेने, आणि त्यावरून रोज भांडणं व्हायची. भांडणाला कंटाळलेल्या बायका मुकाट्याने विहिरीकडे वळायच्या.

सुमनताईंची मूत्रपिंडं गेली. सरांनी डॉक्टरांना विचारलं, पाण्यामुळे का? डॉक्टर म्हणाले, असं सांगता येत नाही, कशानेही होतं. आमच्या ह्यांना विचारलं, तेही म्हणाले, सिद्ध करता यायचं नाही. ज्या माणसाने जन्मभर पुरावा मागितला, त्याला स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावाही मिळू नये! मिळाला असता तर निदान रडले असते. सुमनताईंना मी हॉस्पिटलात भेटले तेव्हा त्यांना पाणी मोजून मिळत होतं. म्हणाल्या, "यांना जपा बाई. हे मला बघून घाबरतात." पुढे थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

रिटायर झाल्यावर सर शहाण्यासारखे दुसरीकडे राहायला जातील असं आम्हाला वाटलं होतं. मुलगा ठाण्याला बोलवत होता. ते गेले नाहीत. सकाळी उठून विहिरीच्या कठड्यापाशी येऊन बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायचे, "हे धुण्याला घ्या, पिऊ नका." बायका मान डोलवायच्या आणि हंडा भरायच्या. नवी बिऱ्हाडं आली होती, त्यांना सर कोण हेही माहीत नव्हतं. पोरं त्यांना पाणीवाले बाबा म्हणायची. कोणी त्यांना त्रास देत नव्हतं, कोणी त्यांचं ऐकतही नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीला. माझीही नोकरी संपत आली होती, एका कामासाठी चार नंबर कॅम्पात गेले होते, तशीच चालत वस्तीत उतरले. डिसेंबरचं ऊन होतं. सर कठड्यापाशी बसले होते, अंगात स्वेटर, दाढी वाढलेली. मला ओळखलं, बसा म्हणाले, स्वतः सरकून जागा केली. आम्ही काहीच विशेष बोललो नाही. पेन्शन वेळेवर येते का, गुडघे कसे आहेत, असलंच.

तेवढ्यात संगीता आली. आमच्याच शाळेची, पाचवीपासून सरांच्या हाताखाली शिकलेली, वस्तीतच दिलेली. पोट चांगलं दिसत होतं, सातवा-आठवा लागला असावा. सरांना आणि मला एकदम पाहून तिला इतका आनंद झाला की वाकून दोघांच्या पाया पडायला लागली. आम्ही तिला थांबवलं. तिने रहाटाने पाणी शेंदलं, हंडा भरला.

सर म्हणाले, "संगीता, हे पिऊ नकोस गं. पोरासाठी तरी नको."

"नाही हो सर," ती हसून म्हणाली, "असं कसं पिईन? तुम्हीच शिकवलंय ना आम्हाला. चांगलं खळखळून उकळते, मगच पिते. सासूबाई म्हणतात रॉकेल जळतं, पण मी ऐकत नाही. आता तर दुप्पट वेळ उकळते."

मी सरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी तिला समजावून सांगायला सुरुवात केली, उकळून जात नाही, वाढतं, असं काहीतरी. पण शब्द एकमेकांत अडकत होते आणि आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता. ती मात्र वर्गात बसल्यासारखी मान हलवत ऐकत होती, हो सर, हो सर म्हणत होती. सर थांबले. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली.

"सर, जरा हात लावता का? वाकवत नाही आता."

सर उठले. इतक्या दिवसांच्या गरोदर मुलीने हात लावा म्हटल्यावर दुसरं काय करणार होते? त्यांनी दोन्ही हातांनी हंडा उचलला आणि पाणी हिंदकळू न देता, फार जपून, तिच्या डोक्यावर ठेवला.